शब्द ओळखीचे, अर्थ भलताच

बऱ्यापैकी इंग्रजी येणाऱ्या माणसाची दांडी बहुतेक वेळा सोप्या शब्दांवर उडते. ‘कॉल’, ‘इट’, ‘अ’, ‘डे’ हे चारही शब्द शाळेच्या पहिल्या पुस्तकातले. पण कामाची बैठक लांबली आणि कुणी म्हणालं, ‘लेट्स कॉल इट अ डे’, तर त्याचा अर्थ ‘चला, आजच्यापुरतं आवरतं घेऊ’ असा होतो, आणि तो या चार शब्दांची कितीही बेरीज केली तरी हाती लागत नाही. ‘स्लीप ऑन इट’ म्हणजे कशावर तरी झोपणं नव्हे, निर्णय घाईने न घेता उद्यावर टाकणं. ‘प्ले इट बाय इअर’ म्हणजे आधी बेत न आखता प्रसंग येईल तसं बघणं. समोर स्वरलिपी न ठेवता नुसत्या कानाच्या भरवशावर वाजवणाऱ्याची ती भाषा आहे, पण बोलणाऱ्याच्या डोक्यात त्या वेळी ना वाद्य असतं ना कान.

अशा शब्दसमूहाला इंग्रजीत ‘इडियम’ म्हणतात, आपण वाक्प्रचार म्हणतो. म्हण वेगळी. म्हण हे स्वतःच्या पायावर उभं असलेलं विधान असतं, तर वाक्प्रचार वाक्यात गुंफावा लागतो. आपल्याला यात नवल वाटायचं खरं तर कारण नाही. ‘नाकी नऊ आले’ म्हणताना ते नऊ कोण आणि नाकाशीच का आले, असं आपण कुणाला विचारत नाही. लहानपणी कानावर पडलं, अर्थ कळला, विषय संपला. इंग्रजीच्या बाबतीत ही कानावर पडण्याची वर्षं आपल्या वाट्याला आलेली नसतात, एवढाच फरक.

ती वर्षं भरून काढायला मग याद्या येतात. शंभर वाक्प्रचार, पाचशे वाक्प्रचार, समोर अर्थ, खाली एक वाक्य. याद्यांना माझा विरोध नाही, पण त्यांचा उपयोग उलटा होतो. माणूस यादीतले वाक्प्रचार वापरायला धावतो आणि ओळखायचं राहून जातं. खरी गरज ओळखण्याची असते. समोरच्याने टाकलेला वाक्प्रचार कळला नाही तर गाडी अडते. तुम्ही एकही वाक्प्रचार न वापरता सरळ इंग्रजी बोललात तर कुणाचं काही अडत नाही.

सगळा मिळून एक शब्द

वाक्प्रचाराकडे अनेक शब्दांचा मिळून झालेला एकच लांबलचक शब्द म्हणून पाहिलं की बऱ्याच गोष्टी सुटतात. डेव्हिड स्विनी आणि अ‍ॅन कटलर या मानसभाषाशास्त्रज्ञांनी १९७९ साली हेच तपासलं होतं. पडद्यावर शब्दसमूह दाखवायचा आणि तो अर्थपूर्ण आहे का, एवढंच विचारायचं. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनी वाक्प्रचार हे तशाच बांधणीच्या साध्या शब्दसमूहांपेक्षा लवकर ओळखले. म्हणजे आधी शब्दशः अर्थ लावायचा, तो बसत नाही म्हणून दुसरा शोधायचा, असा द्राविडी प्राणायाम ते करत नाहीत. तयार गठ्ठा उचलतात. शिकणारा मात्र हटकून शब्दांपासून सुरुवात करतो, म्हणून तो मागे पडतो.

गठ्ठा असल्यामुळे त्याची मोडतोड चालत नाही. ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस पडतोय. त्यातली कुत्री आधी आणि मांजरं नंतर घेतली तर ऐकणारा हसेल. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणं. बकेटच्या जागी त्याच अर्थाचा ‘पेल’ घातला तर कुणीही मरत नाही, खरीखुरी बादली तेवढी लवंडते. आपल्याकडेही नाकी दहा येत नाहीत.

पण ही ताठरता सगळ्या वाक्प्रचारांत सारखी नसते, आणि हा भाग थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. ‘स्पिल द बीन्स’ घ्या. अर्थ गुपित फोडणं. याचा कर्मणी प्रयोग सहज होतो: ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’. ‘किक द बकेट’ चा मात्र होत नाही. ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की मरणाचा अर्थ गळून पडतो. असं का? पहिल्यात बीन्स म्हणजे गुपित आणि सांडणं म्हणजे उघड करणं, अशी तुकड्यातुकड्यांची वाटणी मनात करता येते. दुसऱ्यात बादली म्हणजे काय? काहीच नाही. तिथे अर्थ फक्त अख्ख्या गठ्ठ्याला आहे. मराठीत हाच फरक लख्ख दिसतो. ‘त्याने बिंग फोडलं’ म्हणा की ‘बिंग फुटलं’ म्हणा, दोन्ही चालतं. ‘त्याने राम म्हटला’ याचं ‘त्याच्याकडून राम म्हटला गेला’ करून बघा. तेव्हा नवा वाक्प्रचार उलटसुलट करण्याआधी त्यातल्या नामाला स्वतःचा काही अर्थ आहे का, हे विचारायचं. नसेल तर हात लावायचा नाही.

क्रियापद मात्र काळानुसार बदलतंच. याद्या पाठ करणारे इथे हमखास घसरतात. यादीत ‘स्पिल द बीन्स’ असतं म्हणून कालच्या घटनेबद्दलही ‘ही स्पिल द बीन्स’ म्हणून जातात. ‘ही स्पिल्ड’ हवं.

दुसरी घसरगुंडी आहे ‘वन्स’ आणि ‘समवन्स’ ची. शब्दकोशात ‘लूज वन्स टेम्पर’ असं छापलेलं असतं आणि ‘पुल समवन्स लेग’ असंही. दोन्हींतला हा शब्द जागा धरून ठेवण्यापुरता आहे, तो बोलायचा नसतो. ‘वन्स’ दिसलं की तिथे कर्त्याचंच सर्वनाम येतं: मी असेन तर ‘माय’, ती असेल तर ‘हर’. राग ज्याचा त्याचाच सुटतो, दुसऱ्याचा नाही. ‘समवन्स’ दिसलं की दुसरा माणूस हवा: ‘शी वॉज पुलिंग माय लेग’. एवढी एक खूण कळली की कोशातल्या निम्म्या नोंदी वापरण्याजोग्या होतात. तरी शिकवताना ती सहसा कुणी सांगत नाही.

जुळे भाऊ आणि तोतये

काही वाक्प्रचार मराठीत जसेच्या तसे आहेत, त्यांच्यावर वेळ घालवायला नको. ‘रब सॉल्ट इन द वूंड’ म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. ‘अ‍ॅड फ्युएल टु द फायर’ म्हणजे आगीत तेल ओतणं. नाक खुपसणं, कान टवकारणं, या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देणं, डोळ्यांत धूळ फेकणं, एवढंच काय, लोणी लावणंही इंग्रजीत आहे. काही तर आपण तिकडूनच उचलले आहेत. ‘हिमनगाचं टोक’ म्हणताना आपल्यापैकी किती जणांनी हिमनग पाहिलेला असतो? ‘लालफीत’ ही सरकारी कागदपत्रांचे गठ्ठे ज्या लाल फितीने बांधत तीच. ‘मैलाचा दगड’ आणि ‘चेंडू आता त्यांच्या कोर्टात आहे’ हेसुद्धा त्याच वाटेने आले आणि रुळले.

धोका इथे नाही, आणि अगदी विचित्र दिसणाऱ्या वाक्प्रचारांतही नाही. ‘थ्री शीट्स टु द विंड’ ऐकल्यावर आपल्याला काही कळलेलं नाही हे निदान कळतं. धोका असतो तो मराठीसारख्या दिसणाऱ्या पण अर्थ वेगळा असणाऱ्या तोतयांत, कारण तिथे आपल्याला कळलं असंच वाटत राहतं.

सगळ्यात ठळक उदाहरण हात धुण्याचं. समजा, एखाद्या प्रकल्पाबद्दल साहेबांनी मेलमध्ये लिहिलं, ‘आय हॅव वॉश्ड माय हँड्स ऑफ इट.’ मराठी कानाला यात ‘हात धुवून मागे लागणं’ ऐकू येतं आणि वाटतं, वा, साहेब आता हे काम सोडत नाहीत. प्रत्यक्षात त्यांनी ते सोडलेलं आहे. यापुढे जबाबदारी माझी नाही, असं ते सांगताहेत. याचं मूळ बायबलमध्ये आहे. येशूला शिक्षा द्यायची की नाही या पेचात सापडलेला रोमन अधिकारी पिलात जमावासमोर पाण्याने हात धुतो आणि या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असं म्हणतो. तेव्हा याला मराठी जोड ‘हात धुणं’ नव्हे, ‘हात झटकणं’. आणि ‘हात धुऊन घेणं’ म्हणजे संधी साधून फायदा उपटणं, ते तर तिसरंच.

‘पुल समवन्स लेग’ हाही असाच. आपल्याकडे पाय ओढणारा माणूस वाईट. दुसरा वर चढतोय हे त्याला बघवत नाही. इंग्रजीत पाय ओढणारा फक्त गंमत करतो, खोटंच काहीतरी खरं म्हणून सांगून फिरकी घेतो. ‘आर यू पुलिंग माय लेग?’ या प्रश्नात तक्रार नाही, ‘थट्टा करतोयस ना?’ एवढंच आहे.

क्रिकेटवेड्या माणसाला फसवणारा आणखी एक: ‘द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स’. षटकार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बॅट उंचावलेला फलंदाज येतो. हा वाक्प्रचार मात्र चेंडूच्या बाजूने आहे. त्या बातमीने मी पार हादरलो, कोलमडलो.

याहून बारीक तोतया म्हणजे ‘टर्न अ ब्लाइंड आय’. याला कोशात ‘कानाडोळा करणं’ असा अर्थ दिलेला असतो आणि तो चुकीचा नाही. इंग्रजीत एक डोळा मिटलाय, मराठीत कानही सोबतीला घेतलाय. पण ‘त्याने अभ्यासाकडे कानाडोळा केला’ हे मराठीत सहज म्हणतात. इंग्रजीत तिथे ‘टर्न्ड अ ब्लाइंड आय टु हिज स्टडीज’ म्हटलं तर विचित्र वाटेल. तिथे ‘निग्लेक्टेड’ हवं. ‘ब्लाइंड आय’ ला समोर काहीतरी गैर घडत असावं लागतं आणि ते दिसत असूनही न दिसल्याचं सोंग करावं लागतं. मुख्याध्यापक कॉपीकडे ‘ब्लाइंड आय’ करू शकतात, अभ्यासाकडे नाही. यादीतल्या एका ओळीच्या अर्थात ही सीमा कधीच सापडत नाही. ती चार-पाच खरी वाक्यं वाचल्यावर कळते.

याच वाक्प्रचाराशी ब्रिटिश आरमाराच्या अ‍ॅडमिरल नेल्सनची गोष्ट जोडलेली आहे. १७९४ मध्ये कॉर्सिका बेटावरच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या आरमारी लढाईत त्याचा वरिष्ठ हाइड पार्कर याने लढाई थांबवण्याची निशाणी दिली, तेव्हा नेल्सनने दुर्बीण त्या निकामी डोळ्याला लावली आणि ‘मला तर निशाणी दिसत नाही’ असं म्हणत लढाई चालू ठेवली, अशी ती कथा. निशाणी आणि लढाई खरी. दुर्बिणीचा प्रसंग नंतर रंगवला गेला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. अर्थ लक्षात ठेवायला मात्र यापेक्षा चांगली गोष्ट मिळणार नाही.

कुठून आले हे सगळे?

वाक्प्रचार त्या त्या समाजाच्या रोजच्या व्यवहारातून निघतात आणि व्यवहार संपला तरी मागे उरतात. इंग्रजांचा मोठा व्यवहार समुद्राचा. मघाचं ‘थ्री शीट्स टु द विंड’ घ्या. इथे ‘शीट’ म्हणजे चादर नाही की कागद नाही. शिडाचं खालचं टोक आवळून धरणाऱ्या दोराला खलाशी ‘शीट’ म्हणतात. असे तीन दोर सुटून वाऱ्यावर गेले की शिडं फडफडतात आणि जहाज झोकांड्या खातं. म्हणून दारू पिऊन तर्र झालेला माणूस ‘थ्री शीट्स टु द विंड’. ‘लर्न द रोप्स’ म्हणजे नव्या कामातल्या खाचाखोचा शिकणं, तेही याच दोरांमुळे. ‘टेकन अबॅक’ हा शब्द आज चकित होण्यासाठी सर्रास वापरतात. मुळात वारा अचानक समोरून शिडावर आदळून शीड डोलकाठीला चिकटलं आणि जहाज जागच्या जागी अडलं, की ते ‘टेकन अबॅक’.

दुसरी मोठी खाण बायबलची. ‘बाय द स्किन ऑफ माय टीथ’, म्हणजे थोडक्यात बचावलो, हे ईयोबाच्या पुस्तकातून आलं. दातांना कातडी नसतेच, तेव्हा किती थोडक्यात ते समजून घ्यावं. ‘स्केपगोट’ हा शब्द विल्यम टिंडेल याने १५३० मध्ये बायबलचं भाषांतर करताना घडवला. आपण त्याला ‘बळीचा बकरा’ म्हणतो आणि वापरात तो चपखल बसतो, पण मूळ विधीत दोन बकरे होते. एकाचा बळी जाई, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर सगळ्यांची पापं लादून त्याला जिवंत रानात सोडून देत. ‘स्केपगोट’ हा सुटून गेलेला दुसरा.

खेळांनी इंग्रजीचे सरळ दोन तुकडे केले आहेत. ब्रिटनमधली भाषा क्रिकेटवर पोसलेली, म्हणून ‘ऑन द बॅक फूट’ म्हणजे बचावाच्या पवित्र्यात, हे आपल्याला न सांगता कळतं. अमेरिकेत बेसबॉल. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे अगदी अनपेक्षित. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी चालतं. बहुतेक ब्रिटिशांनाही ते माहीत नसतात आणि त्यांचं हे बोलणं काही थांबत नाही.

मूळकथा ऐकताना मात्र इंग्रजीत म्हणतात तसं हाताशी चिमूटभर मीठ असू द्यावं, म्हणजे त्यांवर पुरता विश्वास ठेवू नये. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ ची एक कथा गेली पंचवीसेक वर्षं इंटरनेटवर फिरते आहे: जुन्या घरांच्या गवती छपरांत कुत्री-मांजरं निजायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. ही कथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस ईमेलमधून पसरलेल्या एका गमतीदार मजकुरातली आहे, तिला आधार नाही. ठाम सांगता येतं ते एवढंच, की सतराव्या शतकात रिचर्ड ब्रोम या नाटककाराने कुत्री आणि ‘पोलकॅट’ नावाचे मुंगसासारखे प्राणी बरसतील असं लिहिलं आणि १७३८ मध्ये जोनाथन स्विफ्टच्या लिखाणात आजचं रूप आलं. का, ते कुणालाच पक्कं ठाऊक नाही. ‘मुसळधार’ म्हणताना निदान पावसाची धार मुसळाएवढी जाड असं चित्र तरी उभं राहतं.

आणि हो, हा वाक्प्रचार सगळ्या याद्यांत पहिल्या पाचांत असला तरी आज इंग्रज माणूस तो क्वचितच बोलतो. जोराचा पाऊस पडत असेल तर तो साधं ‘इट्स पोअरिंग’ म्हणतो.

लक्षात कसे राहतात

अकारविल्हे पाठ केलेले वाक्प्रचार आठवडाभरात उडून जातात. १९८० मध्ये भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लेकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी एक गोष्ट मांडली: वाक्प्रचार सुटे नसतात, त्यांच्या मागे विचार करण्याची एखादी सामायिक रीत असते. राग म्हणजे बंद भांड्यात तापणारा द्रव, ही अशीच एक रीत. मग ‘बॉइल विथ अँगर’, ‘लेट ऑफ स्टीम’ आणि ‘ब्लो युअर टॉप’ ही एकाच भांड्याची उकळी, वाफ आणि उडालेलं झाकण ठरतात. मराठीतही डोकं तापतं आणि पारा चढतो, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं. वेळ म्हणजे पैसा, ही दुसरी रीत. वेळ खर्च होतो, वाचतो, वाया जातो, गुंतवलाही जातो, आणि हे सगळं दोन्ही भाषांत. बेल्जियमचे फ्रँक बूर्स यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मूळ कल्पनेनुसार गट करून शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या लक्षात अधिक राहिल्याचं दिसलं.

पण गट कल्पनेचे करायचे, शब्दाचे नव्हेत. एकच शब्द धरून गट केला तर उलट गोंधळ वाढतो. बर्फाचं बघा. ‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसांतला संकोच मोडणं. ‘पुट ऑन आइस’ म्हणजे काम तूर्त बाजूला ठेवणं. ‘स्केटिंग ऑन थिन आइस’ म्हणजे जोखमीचं वागणं. ‘दॅट कट्स नो आइस विथ मी’ म्हणजे याचा माझ्यावर काही परिणाम होणार नाही. चौघांत बर्फ सोडून काहीच समान नाही. ‘हिट द सॅक’ आणि ‘गेट द सॅक’ तर एकाच दिवशी शिकूच नयेत. पहिला म्हणजे झोपायला जाणं, दुसरा म्हणजे नोकरी जाणं.

कधी कधी नाद मदतीला येतो. ‘स्पिक अँड स्पॅन’ म्हणजे चकाचक, ‘टिट फॉर टॅट’ म्हणजे जशास तसं. आपले ‘अघळपघळ’ आणि ‘उलटसुलट’ जसे जिभेवर बसतात, तसेच हे.

कधी, कुणापुढे

अर्थ आला म्हणजे वाक्प्रचार आला असं नाही. ‘किक द बकेट’ चा अर्थ मरणं, पण तो थट्टेच्या सुरातला शब्द आहे. सहकाऱ्याचे वडील गेल्यावर सांत्वनाच्या पत्रात तो लिहिणं म्हणजे मराठीत ‘तुमचे बाबा गचकल्याचं कळलं’ असं लिहिण्यासारखं आहे. तिथे ‘पास्ड अवे’. चांगल्या इंग्रजी कोशात अशा शब्दांपुढे अनौपचारिक, विनोदी, जुनाट, ब्रिटिश, अमेरिकन अशा खुणा असतात. अर्थाच्या आधी नजर त्या खुणेकडे जायला हवी.

ब्रिटिश आणि अमेरिकन रूपांत कधी एखादाच शब्द बदलतो. क्षुल्लक गोष्टीचा गाजावाजा ब्रिटनमध्ये ‘स्टॉर्म इन अ टीकप’ असतो, अमेरिकेत ‘टेम्पेस्ट इन अ टीपॉट’. नजर लागू नये म्हणून लाकडाला हात लावताना ब्रिटिश माणूस ‘टच वुड’ म्हणतो, अमेरिकन ‘नॉक ऑन वुड’. बागकामात हात चांगला असेल तर ब्रिटनमध्ये ‘ग्रीन फिंगर्स’, अमेरिकेत ‘ग्रीन थम’. एकच कुठलंतरी धरून राहावं. खरा तिढा ‘आय कुडन्ट केअर लेस’ चा आहे. मला शून्य फरक पडतो, हा अर्थ. अमेरिकेत अनेक जण त्यातला नकारच गाळून ‘आय कुड केअर लेस’ म्हणतात आणि अर्थ तोच राहतो. तर्काने पाहिलं तर उलटा व्हायला हवा, पण गठ्ठा तर्काला भीक घालत नाही.

म्हणींच्या बाबतीत आणखी एक खोड असते. इंग्रज माणूस म्हण अर्धीच बोलतो. ‘वेल, व्हेन इन रोम…’ एवढं म्हणून थांबतो. पुढचं ‘तिथल्या लोकांसारखं वागावं’ ऐकणाऱ्याने भरून घ्यायचं. ‘स्पीक ऑफ द डेव्हिल…’ म्हणजे नाव काढलं आणि माणूस हजर. आपणही ‘नाचता येईना’ म्हणून सोडून देतो, अंगण कुणी बोलून दाखवत नाही. पण अर्ध्या म्हणीचा उरलेला अर्धा माहीत नसेल, तर समोरचा मध्येच का थांबला हेच कळत नाही.

परीक्षेला बसणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या बोलण्याच्या चाचणीत वरच्या गुणश्रेणीच्या निकषांमध्ये ‘इडियमॅटिक’ शब्दसंपदेचा उल्लेख आहे. त्याचा अर्थ पुष्कळांनी ‘उत्तरात वाक्प्रचार कोंबा’ असा काढला. मग साध्या घराच्या वर्णनातही ‘वन्स इन अ ब्लू मून’ आणि ‘अ पीस ऑफ केक’ दाटीवाटीने बसवले जातात आणि परीक्षकाला पाठांतराचा वास येतो. त्या शब्दात भाषेच्या स्वाभाविक वळणाचाही समावेश होतो. जोराच्या पावसाला ‘स्ट्राँग रेन’ न म्हणता ‘हेवी रेन’ म्हणणं, निर्णय ‘टेक’ किंवा ‘मेक’ करणं पण ‘डू’ न करणं, हेही इडियमॅटिकच. या जोड्या वाक्प्रचारांइतक्या झगमगीत नसतात, पण रोज शंभरदा लागतात.

अडलं तर

ऐकताना एखादा गठ्ठा कळला नाही तर आधी आजूबाजूचं बघायचं. ‘आय वॉज गोइंग टु रिझाइन, बट आय गॉट कोल्ड फीट’ या वाक्यातल्या ‘बट’ कडे लक्ष दिलं की राजीनामा दिला गेला नाही हे कळतं, आणि पाय गार पडणं म्हणजे ऐन वेळी धीर सुटणं, इथपर्यंत बिनकोशाचं पोचता येतं. सूर चांगला की वाईट, एवढा अंदाजही पुष्कळदा पुरतो. कुणी ‘ओव्हर द मून’ असेल तर चेहऱ्यावर आनंद दिसतोच, ‘अंडर द वेदर’ असेल तर तब्येत बरी नसल्याचं आवाजावरून समजतं.

कोशात शोधताना सगळ्यात अनोख्या नामापासून सुरुवात करावी. ‘कीप’, ‘गेट’, ‘टेक’ यांच्याखाली पानंच्या पानं असतात, त्यात हरवायला होतं. अर्थ सापडला की तो वाक्प्रचार ज्या वाक्यात भेटला ते अख्खं वाक्य उतरवून ठेवायचं, कोण कुणाला म्हणालं त्यासकट. वापरायचा तो तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी भेटल्यावर.

आणि समोरासमोर बोलताना अंदाज लागलाच नाही, तर विचारावं. ‘सॉरी, व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ एवढं पुरतं. नुसती मान डोलावली तर पुढची दहा मिनिटं चुकीच्या अर्थावर जातात. विचारलं की समोरचा तेच साध्या शब्दांत सांगतो. पुष्कळदा त्यालाही तेव्हाच पहिल्यांदा जाणवतं, की आपण आत्ता काहीतरी विचित्र बोललो.